लांडग्याचं खातं

पहिल्यांदा लांडगा समोर आला तेव्हा मी त्याला कुत्रा म्हणाले. तेही मोठ्यानं, आणि वर "इथंही भटकी सोडली नाहीत का?" असा शेरा मारून. पुढं बसलेल्या गाइडनं मागं न बघता तोंडावर बोट ठेवलं आणि ड्रायव्हरला गाडी बंद करायची खूण केली. ज्याच्या हट्टापायी मी डिसेंबरातल्या पहाटे स्वेटरवर शाल, शालीवर मफलर अशी बांधाबांध करून उघड्या जीपमध्ये बसले होते, तो भाचा कानाशी पुटपुटला, "मावशी, शेपटी बघ."

शेपटी खाली लोंबत होती. कुत्र्याची शेपटी म्हणजे त्याचं दुसरं तोंड. माणूस दिसला की ती काहीतरी बोलतेच. लाडात येते, घाबरून पोटाखाली जाते, नाहीतर भांडायला उभी राहते. ही शेपटी गप्प होती. आम्ही तिथं असलो काय नि नसलो काय, तिच्या मालकाला सारखंच.

चाळीस-पन्नास पावलांवरून तो चालला होता. पायांखाली चाकं असावीत तसा. डोकं, पाठ, शेपटी एका ओळीत, हलताहेत ते फक्त पाय. पाय अंगाच्या मानानं फारच लांब. अंग वाळल्या गवताच्या रंगाचं, पाठीवर कुणीतरी काजळीचा हात पुसावा तसा काळसर पट्टा, आणि गुडघ्यांखाली पाय फिके, ताकात बुडवून काढल्यासारखे. पोट आत गेलेलं. वजन असेल विसेक किलो. आमच्या सोसायटीतला लॅब्रेडॉर याच्या दीडपट भरेल. खरं सांगायचं तर माझी जरा निराशाच झाली. लहानपणापासून मनात बसलेला लांडगा वासराएवढा, लाल डोळ्यांचा, लाळ गाळणारा होता. हा तर महिनाअखेरीच्या माणसासारखा दिसत होता.

मग तो थांबला, आणि त्याच्या पुढ्यातल्या गवतातून दुसरा उठला. इतका वेळ तो तिथंच होता. आम्ही चौघं त्याच गवताकडे डोळे फाडून बघत होतो आणि तो दिसला नव्हता. दोघांनी नाकाला नाक लावलं आणि काळविटांच्या कळपाच्या अंगानं, ना घाई ना रेंगाळणं, निघून गेले. कळपातल्या एका काळ्या नरानं तेवढी मान वर केली.

वेळावदर आम्हा बडोद्याच्या लोकांना तसं लांब नाही. वासद, तारापूर, वटामण चौकडी, पिपळी, धोलेरा असं करत चार-साडेचार तासांत माणूस भालमध्ये पोचतो. भाल हा शब्द मला गव्हामुळे माहीत. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरायचा म्हणजे सोहळा असे; आई दुकानदाराला "भालियाच आहे ने?" असं दोनदा विचारायची, मूठभर दाणे दाताखाली फोडायची आणि मगच गोणी जिन्यावरून वर जायची. तो गहू जिथं पिकतो ती ही सपाट, खारी, बिनझाडांची जमीन. मान कुठंही वळवा, समोर क्षितिजच. त्यातला चौतीस चौरस किलोमीटरचा गवताचा तुकडा एकेकाळी भावनगरच्या महाराजांच्या राखणीत होता. १९७६ साली त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं. काळविटांसाठी झालं. लांडगा तिथला पोटभाडेकरू. हिवाळ्यात संध्याकाळी उत्तरेकडून आलेले भोवत्या पक्षी शेकड्यांनी गवतात मुक्कामाला उतरतात, तेही बघण्यासारखं असतं. पण ते प्रकरण भाच्याच्या खात्यावरचं. मी त्या दोघांपाशीच अडकले.

परतताना वटामण चौकडीला चहाला थांबलो तेव्हा भाच्यानं फोनमधून एक जुनं पान काढलं. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी पेशवाई बुडाल्यावर दख्खनची आकडेवारी गोळा करत हिंडत होता. त्या कामाला जोडूनच त्यानं तिथल्या पशुपक्ष्यांचीही टिपणं केली. १८३१ साली लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढं त्यानं दख्खनच्या प्राण्यांची जी यादी ठेवली, तीत हा लांडगा वेगळा म्हणून नोंदला आहे. कॅनिस पॅलिपेस. पॅलिपेस म्हणजे फिकट पायांचा. आणि नावाच्या पुढं लिहिलंय, 'लांडगा ऑफ द मराठाज'.

"म्हणजे हा आपला माणूस," मी म्हटलं.

"आणि आपल्यासारखाच गुजरातेत राहिलेला," भाचा म्हणाला.

त्याच नोंदीत साइक्सनं आणखी एक साधी गोष्ट टिपली आहे. हा प्राणी दख्खनच्या उघड्या, दगडाळ माळांवर पुष्कळ आहे, घाटातल्या रानांत मात्र सापडत नाही. हे कुणी ध्यानात ठेवलं नाही. गोष्टीतला लांडगा जंगलात राहतो. पोरांच्या चित्रांच्या पुस्तकात त्याच्या मागं गर्द झाडं आणि वर पौर्णिमेचा चंद्र असतो. पुढं कायदे करणाऱ्यांच्याही डोक्यात तेच चित्र असावं असा माझा संशय आहे, त्याबद्दल नंतर.

शाळेत आम्हाला गुजरातीच्या बाई 'वरू' शिकवायच्या आणि घरी आजी 'लांडगा' म्हणायची. हे दोन वेगळे प्राणी आहेत अशीच कितीतरी वर्षं माझी समजूत होती. वरू म्हणजे पुस्तकातला, सभ्य, आणि लांडगा म्हणजे रात्री न झोपणाऱ्या पोरांना नेणारा. पुढं कळलं की भाल-काठियावाडात त्याला 'नार' म्हणतात, कच्छात 'भगाड'. वडील संस्कृतचे मास्तर. ते म्हणायचे, वरू हा आपला जुना 'वृक'च, झिजून राहिलेला. भीमाला वृकोदर म्हणतात ते लांडग्याच्या पोटाचा म्हणून, कितीही घातलं तरी न भरणारं. वेळावदरच्या त्या आत गेलेल्या पोटाकडे बघताना मला हे आठवलं आणि भीमाबद्दल पहिल्यांदाच वाईट वाटलं.

नावांचं एवढं पुराण लावलं, कारण या प्राण्याचं सगळं नशीब नावातच अडकलेलं आहे. मी बँकेत चौतीस वर्षं काढली. तिथं एक गोष्ट हाडात मुरते: रक्कम तीच असते, पण ती कुठल्या खात्यात टाकली यावर पुढचं सगळं ठरतं. सगळ्या शाखांचा एकत्रित ताळेबंद नफ्यात असला की त्यातली बुडत चाललेली शाखा कुणाला दिसत नाही. लांडग्याचं नेमकं तेच झालं होतं. 'राखाडी लांडगा' या एका नावाखाली अलास्का, कॅनडा, सायबेरिया, मंगोलिया, युरोप, अरबस्तान आणि आमचं भाल, सगळे एकत्र धरले जात. उत्तरेकडच्या बर्फातले ते चाळीस-पन्नास किलोचे गडी हजारोंनी आहेत, म्हणून जगातल्या जिवांची ती जी तांबडी यादी असते तिच्यात राखाडी लांडग्यापुढं शेरा काय, तर चिंता नाही. एकत्रित ताळेबंद उत्तम.

मग या शतकाच्या सुरुवातीपासून जनुकांचे हिशोब निघू लागले. आपल्याकडचे दोन लांडगे, सपाटीवरचा हा फिकट पायांचा आणि हिमालय-तिबेटकडचा दाट केसांचा, हे लांडग्यांच्या घराण्यातल्या सगळ्यांत जुन्या फांद्यांपैकी आहेत असं दिसलं. हिमालयातला तर विरळ हवेत जगण्याची सोय रक्तातच घेऊन आलेला. तेव्हा कुठं खाती वेगळी काढली गेली. हिमालयी लांडग्याची स्वतंत्र नोंद २०२३ मध्ये झाली, आपल्या सपाटीवरच्याची २०२५ मध्ये. दोघांच्याही पुढं एकच शेरा, असुरक्षित. भारत आणि पाकिस्तान मिळून आपले लांडगे तीन हजारांच्या आसपास. एका रात्रीत ते कमी झाले नाहीत. कमी ते आधीच होते, फक्त पासबुक आता वेगळं छापलं.

यात मला आमचंही थोडं दिसतं, हे कबूल करून टाकते. पुण्याची आत्या आमचं 'जेवायला बसून जा' आणि 'चालेल ने' ऐकून हसते आणि विचारते, "तुम्ही अजून मराठीच ना गं?" मराठी भाषकांच्या कोट्यवधींच्या बेरजेत आम्ही आहोतच, त्यामुळे मराठीची चिंता नाही. पण दांडिया बाजारात ज्या घरांतून संध्याकाळी शुभंकरोती ऐकू यायचं, त्यांतली किती उरली हे बेरजेला कसं कळणार? असो. आमच्यावर कुणी तांबडी यादी काढलेली नाही आणि आम्हाला सेव-उसळ वेळेवर मिळते.

जगातली बाकीची लांडगेमंडळी मग मी भाच्याकडून एकेक करून समजून घेतली. निवृत्त माणसाला उद्योग लागतो.

सगळ्यांत जीव गुंतला तो इथिओपियातल्या लांडग्यात. तांबूस, सडपातळ, कोल्ह्यासारख्या तोंडाचा. तीन हजार मीटरच्या वर, थंड पठारांवर राहतो आणि एवढा मोठा लांडगा होऊन खातो काय, तर उंदीर. घुशीएवढे, बिळातून डोकं काढणारे उंदीर. तिथं गेलाडा नावाची माकडं गवत खात शेकड्यांनी हिंडतात. हा त्यांच्या कळपात असा मिसळतो की जणू त्यांच्याकडेच कामाला आहे. माकडांच्या पिल्लांना हात लावत नाही. अभ्यास करणाऱ्यांनी मोजलं तेव्हा एकट्यानं केलेल्या चार प्रयत्नांत एक उंदीर मिळत होता, माकडांच्या संगतीत तीनांत दोन. असा हा सालस प्राणी जगात पाचशेच्या आसपास उरलाय आणि त्याला मारतोय कोण? गुराख्यांचे कुत्रे, तेही दात न लावता. त्यांच्याकडून रेबीज येतो, डिस्टेंपर येतो, आणि एका साथीत खोरंच्या खोरं रिकामं होतं. म्हणून तिथली माणसं बकरीच्या मांसाच्या तुकड्यात लस लपवून ती लांडग्यांच्या वाटेवर टाकतात. बाहेरगावी गेलेल्या मुलाच्या बॅगेत आई औषधाच्या गोळ्या कोंबते, तसं मला ते वाटलं. यादीत याचा शेरा, संकटग्रस्त.

दुसरा अमेरिकेतला तांबडा लांडगा. याची कथा तर हिशोबनिसानंच लिहावी अशी. १९७० च्या दशकात टेक्सास-लुइझियानाच्या किनाऱ्यावर उरलेसुरले शोधायला निघाले, चारशेहून जास्त प्राणी पकडले, आणि तपासून बघतात तर बहुतेक कायोटी, म्हणजे लांडग्याचा तिकडचा धाकटा भाऊबंद, नाहीतर मिश्र. अस्सल म्हणून सतरा ठरले. त्यातल्या चौदांपासून पुढची वंशावळ. १९८० मध्ये जाहीर केलं की रानात हा संपला, आणि १९८७ मध्ये पिंजऱ्यात वाढवलेल्या जोड्या नॉर्थ कॅरोलायनात पुन्हा सोडल्या. मधे शंभरावर गेले, मग गोळ्या, मोटारी आणि राजकारण यांच्यात पुन्हा घसरले. आता रानात जेमतेम विशीच्या आगेमागे, पिंजऱ्यांत अडीचशेच्या घरात. अतिसंकटग्रस्त. पिंजऱ्यात जन्मलेली पिल्लं डोळे उघडायच्या आत नेऊन रानातल्या लांडगीच्या बिळात, तिच्या पिल्लांत सरकवून देतात. ती मोजत नाही, वाढवते. आणि कायोटींशी संकर होऊ नये म्हणून तिथल्या कायोटींची नसबंदी करून त्यांना जागेवरच राहू देतात, म्हणजे ते आपली हद्द सांभाळतात आणि नवीन कायोटी आत येत नाहीत. सरकारी डोक्यातून इतकी नामी युक्ती निघू शकते यावर माझा आधी विश्वासच बसला नव्हता.

बाकीच्यांचं थोडक्यात. आफ्रिकेतला एक लांडगा तर शतकानुशतकं कोल्ह्याच्या नावावर होता. २०१५ मध्ये जनुकं तपासली आणि त्याची नोंद बदलली. उलट दक्षिण अमेरिकेतला लांब पायांचा, आयाळवाला 'लांडगा' हा लांडगाही नाही आणि कोल्हाही. अर्धं पोट फळांवर भरतो. जपानमधला १९०५ नंतर कुणी पाहिला नाही. फॉकलंड बेटांवरचा माणसाला इतका न भिणारा होता, की १८३४ मध्ये तिथं गेलेल्या डार्विननं हा लवकरच संपणार असं भाकीत करून ठेवलं, आणि १८७६ च्या सुमारास तो संपला. मेक्सिकोतला सातांवरून पुन्हा उभा राहिलाय, आता रानात अडीचशेच्या वर. युरोपात ते इतके परतले की गेल्या वर्षी-दोन वर्षांत त्यांचं संरक्षण एक पायरी खाली आणलं गेलं. आणि हल्ली दहा-बारा हजार वर्षांपूर्वी संपलेल्या 'डायर वुल्फ'ला पुन्हा जन्माला घातलं म्हणून जी पांढरी पिल्लं गाजली, ती मुळात राखाडी लांडग्याच्याच जनुकांत काही बदल करून केलेली. मेलेल्याच्या नावानं नवीन खातं उघडायचा हा प्रकार बँकेत केला असता तर चौकशी बसली असती.

आपल्याकडे कायद्यात लांडगा पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंगतीला. कागदावर यापेक्षा वरची जागा नाही. पण वाघाला १९७३ पासून स्वतःचा प्रकल्प आहे, राखीव रानं आहेत, पाहुणे आहेत. १९६९ मध्ये भारतात डब्ल्यूडब्ल्यूएफ ही वन्यजीव वाचवणारी संस्था सुरू झाली तिचे पहिले अध्यक्ष आमचे फत्तेसिंहराव महाराज. आम्ही बडोदेकर ते अजून अभिमानानं सांगतो. त्या काळापासून जे काही वाचवायचं ते रान, अशी रीत पडली. लांडगा रानात राहतच नाही! साइक्सनं लिहून ठेवलं होतं ना? त्याचा बहुतेक संसार अभयारण्यांच्या बाहेर, माळांवर, कोरड्या शेतांच्या कडेला, मेंढ्यांच्या वाटांवर. आणि अशा माळांना सरकारी दफ्तरात काय म्हणतात? पडीक. गुजरातीत खराबो. बँकेत ज्या नोंदीचं काय करायचं ते कळत नाही ती आम्ही सस्पेन्स खात्यात टाकायचो. तसं हे सगळं गवत सस्पेन्समध्ये पडून आहे. सौर प्रकल्प आला, औद्योगिक वसाहत आली, झाडं लावायचं उद्दिष्ट आलं की पहिला हात तिथंच जातो. झाडं लावणं तर पुण्याचं काम, त्याला कोण नाही म्हणणार? पण गवतात झाडं लावली की गवत संपतं. भालमध्ये वेडी बाभूळ, इथले तिला गांडो बावळ म्हणतात, खार अडवायला म्हणून आली आणि आता मैलोनमैल पसरलीय. लांडग्याला तिच्या जाळीत दिवसाची सावली आणि बिळाला आडोसा मिळतो, हेही खरं. पण काळवीट तिच्यात चरत नाही.

मोजणीचंही बघा. डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये देशातले प्रौढ लांडगे सुमारे ३,१०० धरले. मध्य प्रदेश पहिला, ७७२, गुजरात ४९४, आणि ज्यांच्या नावानं लंडनला नोंद झाली त्या मराठ्यांच्या महाराष्ट्रात ३९६. गुजरात वन विभागाच्या २०२३ च्या मोजणीत राज्यात २२२ निघाले, त्यांतले ८० एकट्या भावनगर जिल्ह्यात. पहिला आकडा अधिवासावरून बांधलेला अंदाज, दुसरा प्रत्यक्ष मोजदाद. दोन्ही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. पण दोन पुस्तकांत एवढी तफावत दिसली की माझा हात आपोआप लाल पेन शोधतो.

आता लांडगा गरीब बिचारा आहे असं मी म्हणत नाही. १९९६ मध्ये पूर्व उत्तर प्रदेशात, प्रतापगढ-सुलतानपूर-जौनपूरच्या बाजूला, लांडग्यांनी लहान मुलं उचलली. २०२४ च्या पावसाळ्यात बहराइचमध्ये पुन्हा तेच. दार नसलेल्या घरात उकाड्यानं अंगणात निजलेलं मूल. त्या आईला तांबडी यादी वाचून दाखवायला मी जाणार नाही. ज्या गावात असं घडतं तिथं तो लांडगा पकडावाच लागतो, त्याला दुसरा इलाज नाही. एवढंच की हे क्वचित घडतं आणि त्याची शिक्षा सगळ्या जातीनं भोगली आहे. इंग्रजांच्या राज्यात १८७१ ते १९१६ या काळात बक्षिसासाठी मारलेल्या लांडग्यांची संख्या एक लाखाच्या वर जाते. आज देशात आहेत त्याच्या तीसपट.

फेब्रुवारीत आम्ही पुन्हा गेलो. या वेळी उद्यानाच्या बाहेर, गाड्यांच्या चाकोऱ्यांवरून हिंडत होतो तेव्हा एका भरवाडाचा तळ लागला. दीड-दोनशे मेंढ्या, थोड्या बकऱ्या, तीन कुत्रे, एक खाटला. म्हातारा माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा असेल. मी गुजरातीत बोलले तसा खुलला, "आवो बेन" म्हणून खाटला झटकला आणि रकाबीत चहा आला. बकरीच्या दुधाचा, साखर मुठीनं घातलेला. भाच्यानं न राहवून लगेच नारची गोष्ट काढली.

तीनच दिवसांपूर्वी एक मेंढरू गेलं होतं. पहाटे. एक नार समोरच्या बांधावर येऊन उघड उघड उभा राहिला, तिन्ही कुत्रे त्याच्यामागं धावले, तो त्यांना पार लांबपर्यंत खेळवत घेऊन गेला, आणि मागच्या अंगानं दुसरा आला. "एक रमाडे, बीजो काम करे," म्हातारा म्हणाला. एक खेळवतो, दुसरा काम उरकतो. मग त्यानं नारच्या आई-बहिणीचा असा उद्धार केला की मला रकाबीत बघत बसावं लागलं.

"भरपाई मिळत नाही?"

"मरेलं ढोर देखाडो, के'." मेलेलं जनावर दाखवा म्हणतात. "ए तो एना पेटमां छे." त्याच्या पोटात आहे ते, कुठून दाखवू?

मग जरा वेळानं, चिलीम भरता भरता, कुणाला उद्देशून नव्हे असं तो म्हणाला, "एनो भाग हतो, लई गयो." त्याचा वाटा होता, घेऊन गेला. शिव्या देतानाचा आणि हे म्हणतानाचा त्याचा आवाज एकच होता. त्याच्या बापाच्या वेळी बिळाच्या तोंडाशी काटे कोंबून धूर करत, पिल्लं आतच मरत, हेही त्यानं तितक्याच सहज सांगितलं. भाच्याचा चेहरा उतरला. त्यावर म्हातारा म्हणाला, नंतर दोन वर्षं रोझ, म्हणजे नीलगाई, आणि डुकरं इतकी माजली की शेतवाले आमच्यावर उलटले.

मला तिथं बसल्या बसल्या वडिलांनी सांगितलेला ऋज्राश्व आठवला. ऋग्वेदातला. त्यानं एका लांडगीला बापाचे मेंढे कापून खाऊ घातले. शंभर मेंढे. बापानं संतापून त्याला आंधळा केला. मग त्या लांडगीनंच अश्विनीकुमारांना हाक घातली, की या पोरानं माझ्यासाठी एवढं केलं, आणि त्यांनी त्याला डोळे परत दिले. वडील ही गोष्ट सांगून थांबायचे, तात्पर्य सांगायचे नाहीत. मी मात्र मोठेपणी मूळ उघडून पाहिलं तर लगोलगच्या दोन सूक्तांत हिशोब जुळत नाही. एकात शंभर मेंढे, दुसऱ्यात एकशे एक. त्या काळापासून लांडग्याच्या खात्यात तफावत चालत आलीय म्हणायची.

म्हाताऱ्याला गोष्ट सांगितली. शंभर ऐकून तो हबकला. "गांडो हशे," म्हणाला. वेडा असेल.

निघताना भाच्यानं विचारलंच. हे पिल्लांचे दिवस, नारचं बीळ या बाजूला कुठं आहे का? फोटोसाठी नाही, नुसतं लांबून बघायचं आहे. म्हाताऱ्यानं चिलीम तोंडातून काढली, डोळे बारीक केले आणि पश्चिमेला हात लांब केला. तिकडे, पार तिकडे, त्या तारांच्या खांबांच्या पलीकडे. इकडे काही नाही.

आम्ही गाडीपाशी आलो. चाकोरीच्या कडेला, खाऱ्या मातीच्या पापुद्र्यावर, पावलांची एक ओळ उमटली होती. भाचा खाली बसला. कुत्रा चालला की पावलं इकडं-तिकडं सांडतात, सगळ्या वासांना उत्तरं देत तो जातो. ही ओळ पट्टीनं आखल्यासारखी होती, पुढच्या पावलाच्या ठशातच मागचं पाऊल पडलेलं. तिच्या बाजूनं परत येणारी दुसरी ओळ, तशीच सरळ. दोन्ही ओळी म्हाताऱ्याच्या तळाच्या मागून, पूर्वेकडच्या वेड्या बाभळींत जात होत्या. खांबांच्या अगदी उलट दिशेला.

मी मागं वळून पाहिलं. म्हातारा आमच्याकडेच बघत उभा होता, हात अजून पश्चिमेला.

"मावशी?" भाचा म्हणाला.

"खांबांकडून जाऊ," मी म्हटलं. "त्यानं सांगितलंय ना."